तीन आठवड्यांची साखर: फ्रुक्टोसामाइन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन कसं मोजावं, कसं वाचावं

मधुमेह असलेल्या माणसाला दोन आकडे तोंडपाठ असतात. एक उपाशीपोटी साखरेचा आणि दुसरा ‘तीन महिन्यांच्या साखरे’चा, म्हणजे एचबीए१सीचा. पहिला त्या क्षणापुरता खरा असतो. दुसरा इतका सावकाश हलतो की बदललेलं औषध लागू पडलं का, हे कळायला अडीच-तीन महिने जातात. काही जणांच्या बाबतीत तर तो मुळातच चुकीचा येतो, कारण त्यांच्या तांबड्या पेशीच वेळेआधी मरतात किंवा जास्त जगतात. अशा वेळी सीरममधल्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवातल्या, साखर चिकटलेल्या प्रथिनांची तपासणी उपयोगी पडते. तिची दोन रूपं आहेत: फ्रुक्टोसामाइन आणि ग्लायकेटेड, म्हणजे साखर चिकटलेलं, अल्ब्युमिन.

ही तपासणी स्वस्त यंत्रावरही होते आणि तिला उपाशी राहावं लागत नाही. तरी ती कमी वापरली जाते आणि वापरली तरी बरेचदा चुकीची वाचली जाते. म्हणून प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ, विद्यार्थी, रिपोर्ट वाचणारे डॉक्टर आणि तो रिपोर्ट हातात घेऊन बसलेला रुग्ण, सगळ्यांना एकत्र समोर ठेवून हे लिहितो आहे. ज्यांना प्रयोगशाळेचं काम करायचं नाही, त्यांनी मधला रसायनाचा भाग ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

मोजतो ते नेमकं काय

रक्तातलं ग्लुकोज प्रथिनांना आपोआप चिकटतं. त्याला एन्झाइम लागत नाही. साखर जितकी जास्त आणि प्रथिन जितके दिवस तिच्यात भिजत राहील, तितकी चिकटलेली साखर जास्त. ग्लुकोज प्रथिनावरच्या अमिनो गटाला, मुख्यतः लायसीन या अमिनो आम्लाच्या टोकाला, जाऊन बसतं. सुरुवातीचा जोड, म्हणजे शिफ बेस, सैल असतो आणि साखर उतरली की सुटतो. मग त्या जोडाची आतली मांडणी बदलते, तिला अमाडोरी पुनर्रचना म्हणतात, आणि पक्कं केटोअमाइन तयार होतं. हे एकदा झालं की प्रथिन जिवंत असेपर्यंत साखर सुटत नाही असंच धरून चालावं. या केटोअमाइनची रचना फ्रुक्टोजशी जुळणारी असते, म्हणून त्याला फ्रुक्टोसामाइन हे नाव पडलं. नाव ऐकून अनेकांना वाटतं की हा फळातल्या साखरेचा हिशेब आहे. खाण्यातल्या फ्रुक्टोजशी त्याचा काही संबंध नाही.

एचबीए१सीमध्ये हीच गोष्ट हिमोग्लोबिनवर घडते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा दोन-तीन महिन्यांचा असतो. सीरममध्ये सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं नाहीसं व्हायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचं. म्हणून सीरमची तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल बोलते. सीरममधल्या एकूण साखर चिकटलेल्या प्रथिनांत अल्ब्युमिनचाच वाटा सुमारे ८० टक्के असतो. अल्ब्युमिनच्या साखळीत ५९ लायसीन आहेत आणि त्यांतलं ५२५ क्रमांकाचं लायसीन साखरेला सगळ्यात सहज सापडतं.

इथे एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिपोर्टवरचा आकडा दोन गोष्टींनी बनतो: रक्तात साखर किती होती आणि प्रथिन किती दिवस रक्तात राहिलं. आपल्याला पहिली गोष्ट हवी असते. दुसरी नेहमीसारखीच आहे असं आपण गृहीत धरतो. ते गृहीतक मोडलं की आकडा फसवतो.

कधी मागवावी

औषध, इन्सुलिनचा डोस किंवा आहार बदलल्यावर तीन-चार आठवड्यांत दिशा कळायला हवी असेल, तेव्हा ही तपासणी कामाची. पण तिची खरी गरज एचबीए१सीवर विसंबता येत नाही तिथे असते. तांबड्या पेशी लवकर फुटणारे आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, जी६पीडी या एन्झाइमची कमतरता, नुकतंच चढवलेलं रक्त, मोठा रक्तस्राव, तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, डायलिसिस: या सगळ्यांत पेशींचं सरासरी वय बदलतं आणि एचबीए१सी सहसा खोटा कमी येतो. लोह कमी पडल्याने झालेल्या ॲनिमियात उलट घडतं. पेशी जुन्या होत राहतात आणि एचबीए१सी विनाकारण वाढतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात लोह कमी पडणं नेहमीचं, म्हणून तिथेही एचबीए१सी जपून वाचावा लागतो. काही हिमोग्लोबिन प्रकार तर एचबीए१सी मोजण्याच्या पद्धतीतच लुडबूड करतात.

मधुमेह आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवायला मात्र ही तपासणी वापरू नये. त्यासाठी ग्लुकोज आणि एचबीए१सी यांचे ठरलेले निकष आहेत. रोजच्या नियंत्रणाचा कणाही एचबीए१सीच राहील, कारण साखर काबूत ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात त्याच मोजमापाने दाखवलं गेलं. सीरमची तपासणी त्याच्या शेजारी ठेवायची, आणि तो निकामी असेल तिथे त्याच्या जागी.

फ्रुक्टोसामाइन की ग्लायकेटेड अल्ब्युमिन

फ्रुक्टोसामाइन सीरममधल्या सगळ्या प्रथिनांवरचं केटोअमाइन एकत्र मोजतं आणि उत्तर मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देतं. म्हणजे ते तीव्रतेचं, एका लिटरमध्ये किती याचं, माप आहे. रक्तात प्रथिन कमी झालं की साखर तीच असूनही आकडा खाली येतो. ग्लायकेटेड अल्ब्युमिन हे एकूण अल्ब्युमिनच्या टक्केवारीत देतात, त्यामुळे रक्त पातळ किंवा घट्ट झाल्याचा परिणाम त्यातून निघून जातो. दोन्ही उपलब्ध असतील तर मी ग्लायकेटेड अल्ब्युमिन निवडेन, विशेषतः गरोदरपणात आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत. फक्त फ्रुक्टोसामाइनच मिळत असेल तरी हरकत नाही. त्याच्याबरोबर त्याच नमुन्यावर एकूण प्रथिन आणि अल्ब्युमिनही करून घ्या. त्याशिवाय फ्रुक्टोसामाइनचा रिपोर्ट अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे.

एकदा निवडलेली तपासणी मधेच बदलू नका. एका महिन्यात फ्रुक्टोसामाइन आणि पुढच्या महिन्यात ग्लायकेटेड अल्ब्युमिन केलं तर तुलनेला काहीच उरत नाही.

नमुना घेताना

उपाशी असण्याची गरज नाही, दिवसाची वेळही महत्त्वाची नाही. फक्त नुकत्याच भरपूर तेलकट जेवणानंतर सीरम दुधाळ येण्याची शक्यता असते, ती टाळलेली बरी.

ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही ते म्हणजे शरीराची स्थिती. माणूस आडवा असतो तेव्हा आणि उभा असतो तेव्हा रक्तातल्या पाण्याची वाटणी बदलते. उभं राहिल्यावर काही पाणी रक्तवाहिन्यांबाहेर जातं, प्रथिनं आतच राहतात, आणि अल्ब्युमिन ५ ते १५ टक्क्यांनी जास्त दिसू शकतं. फ्रुक्टोसामाइन तीव्रतेचं माप असल्यामुळे तेही सोबत वर जातं. साखरेत काडीचाही फरक नसताना. म्हणून रुग्णाला १५ मिनिटं बसवा आणि दर वेळी बसूनच रक्त घ्या. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडा. सलाईन चालू असेल त्या हातातून रक्त घेऊ नका. अल्ब्युमिनची बाटली चढवली असेल तर ही तपासणी काही आठवडे पुढे ढकला, कारण आता रक्तात दुसऱ्याचं अल्ब्युमिन मिसळलं आहे.

साधी किंवा जेलची नळी चालते. अनेक किटना हेपरिन किंवा ईडीटीए घालून न गोठू दिलेल्या रक्ताचा द्रव, म्हणजे प्लाझ्माही चालतो, पण सीरम आणि प्लाझ्मा आलटून पालटून वापरू नये. प्लाझ्मात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन असतं आणि त्याचं आयुष्य अल्ब्युमिनपेक्षा बरंच कमी. ग्लुकोजची फ्लोराइडची नळी, किटच्या माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी असल्याशिवाय, नको.

रक्त पूर्ण गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, सीरम वेगळं काढा. खोलीच्या तापमानात ते साधारण तीन दिवस आणि २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये सुमारे दोन आठवडे टिकतं. त्याहून लांबच्या साठवणीसाठी उणे ७० अंश किंवा त्याखालचं तापमान हवं. साध्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये बरेच महिने पडलेल्या नमुन्याच्या ग्लायकेटेड अल्ब्युमिनवर माझा भरवसा नाही, कारण थिजलेल्या नमुन्यातही साखर चिकटण्याची क्रिया हळूहळू चालू राहू शकते.

नळी हातात घेऊन सीरमचा रंग बघा. लालसर दिसलं, तर पेशी फुटल्या आहेत आणि हिमोग्लोबिन रंगमापनात अडथळा आणेल. गडद पिवळं असेल तर बिलिरुबिन. दुधाळ असेल तर चरबी. आणि रुग्णाला एक प्रश्न जरूर विचारा: क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू आहेत का? उत्तर पुढच्या भागात कामी येईल.

एनबीटी पद्धत, पायरी पायरीने

फ्रुक्टोसामाइन मोजण्याची ही पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी आणली. तिची कल्पना साधी आहे. अल्कधर्मी द्रावणात केटोअमाइन आपलं रूप बदलतं आणि समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देतं. समोर नायट्रोब्लू टेट्राझोलियम, म्हणजे एनबीटी, हे फिकट पिवळं रंजक ठेवलेलं असतं. इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं जांभळं फॉर्माझान होतं. जांभळा रंग ५३० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा.

अडचण अशी की सीरममध्ये इलेक्ट्रॉन देणारं केटोअमाइन एकटंच नसतं. क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड, काही प्रथिनांवरचे गंधकाचे गट, सगळे एनबीटीला रंगवू शकतात. पण ते घाईचे असतात. पहिल्या काही मिनिटांत त्यांचं काम संपतं. केटोअमाइन मात्र सावकाश आणि सलग देत राहतं. म्हणून पहिली १० मिनिटं वाया जाऊ द्यायची आणि १० ते १५ मिनिटांमधली रंगाची वाढ तेवढी मोजायची. या एका युक्तीमुळे ही पद्धत उभी राहिली. सुधारलेल्या किटमध्ये युरिक ॲसिड खाऊन टाकणारं युरिकेज आणि चरबीचा गढूळपणा कमी करणारं डिटर्जंट घातलं गेलं.

१. रिएजंट, कॅलिब्रेटर (ज्याचा आकडा आधीच ठरलेला आहे ते द्रावण), कंट्रोल (पडताळणीचे नमुने) आणि रुग्णांचे नमुने फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रिएजंटमध्ये कार्बोनेट बफर आहे आणि त्याचा पीएच १०.३५च्या आसपास असतो. बाटली उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच घसरतो आणि रंग कमी येतो. झाकण लावायला विसरू नका. बाटली उजेडापासूनही जपा. रिएजंट आधीच जांभळट दिसत असेल तर टाकून द्या.

२. वॉटर बाथ किंवा यंत्राचा क्युव्हेट कप्पा ३७ अंशांवर स्थिर करा. तापमान एखाद्या अंशाने सरकलं तरी अभिक्रियेचा वेग बदलतो, आणि आपण वेगच मोजतो आहोत. थर्मोमीटर घालून खात्री करा, यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

३. ब्लँक (सीरम न घातलेली नळी), कॅलिब्रेटर, दोन पातळ्यांचे कंट्रोल आणि नमुने अशा नळ्या लावा. किटमध्ये दिलेल्या प्रमाणात सीरम आणि रिएजंट घाला. सीरम दाट असतं, पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंब पुसून मगच सोडा.

४. हाताने करत असाल तर नळ्यांमध्ये ठरावीक अंतर ठेवा, समजा ३० सेकंदांचं. पहिल्या नळीत रिएजंट पडल्यापासून तिचं घड्याळ सुरू. दुसरीचं ३० सेकंदांनी. वाचतानाही तोच क्रम आणि तेच अंतर पाळायचं.

५. बरोबर १० मिनिटांनी पहिलं ॲब्सॉर्बन्स, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ओडी, वाचा. बरोबर १५ मिनिटांनी दुसरं.

६. दोन वाचनांतला फरक काढा, ब्लँकचा फरक वजा करा आणि कॅलिब्रेटरशी तुलना करा.

हिशेब असा. समजा नमुन्याचं ओडी १० मिनिटांनी ०.२१४ आणि १५ मिनिटांनी ०.३०२ आलं. फरक ०.०८८. ब्लँक ०.०१२ वरून ०.०१६ वर गेलं, फरक ०.००४. कॅलिब्रेटर ०.२५१ वरून ०.३६९ वर, फरक ०.११८, आणि त्याच्या बाटलीवर ४८० मायक्रोमोल प्रति लिटर लिहिलं आहे. ब्लँक वजा केल्यावर नमुना ०.०८४ आणि कॅलिब्रेटर ०.११४. पहिल्याला दुसऱ्याने भागून ४८० ने गुणलं की ३५४ मायक्रोमोल प्रति लिटर मिळतात.

७. रिपोर्ट सोडण्याआधी दोन्ही कंट्रोल आपापल्या मर्यादेत आहेत का ते पाहा. फक्त मर्यादेत असणं पुरेसं नाही. रोजचे आकडे आलेखावर मांडा. सलग सहा-सात दिवस कंट्रोल सरासरीच्या एकाच बाजूला पडत असेल, तर रिएजंट उतरतो आहे किंवा तापमान सरकतं आहे. रिएजंटचा नवीन लॉट, म्हणजे नवी खेप, उघडला की जुन्या आणि नव्या लॉटवर काही नमुने समांतर लावून बघा. ही तपासणी काळानुरूप तुलनेसाठीच केली जाते, त्यामुळे लॉट बदलल्याने आलेली उडी रुग्णाच्या औषधावर जाऊन पडते.

आणि ते क जीवनसत्त्व? नेहमीच्या प्रमाणात ते पहिल्या १० मिनिटांत निकालात निघतं. मोठ्या डोसनंतर मात्र ते उरतं आणि निकाल बिघडवतं. अशा रुग्णाने गोळ्या थांबवल्यावर काही दिवसांनी नमुना घेणं चांगलं.

एन्झाइम पद्धत

ग्लायकेटेड अल्ब्युमिनचे आजचे किट एन्झाइमवर चालतात. आधी सीरममध्ये मोकळी असलेली केटोअमाइन लावलेली अमिनो आम्लं एका एन्झाइमने नष्ट करतात, म्हणजे ती पुढे मोजली जाऊ नयेत. मग अल्ब्युमिनवर जास्त चालणारं प्रोटीनेज प्रथिनाचे तुकडे करतं. तुकड्यांवरच्या केटोअमाइनवर केटोअमाइन ऑक्सिडेज काम करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं आणि पेरॉक्सिडेजच्या मदतीने रंग तयार होतो. त्याच नमुन्यात ब्रोमोक्रेसॉल पर्पल या रंजकाने एकूण अल्ब्युमिन मोजतात. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे टक्केवारी.

इथे तंत्रज्ञाच्या हाताला काम कमी आणि डोळ्यांना जास्त. टक्केवारी दोन मोजमापांतून येते, म्हणून कंट्रोलही दोन्हींचे पाहावे लागतात. अल्ब्युमिनचं कॅलिब्रेशन खाली सरकलं तर ग्लायकेटेड अल्ब्युमिनची टक्केवारी आपोआप वर जाते. अल्ब्युमिनची पद्धतही किटने सांगितलेलीच ठेवा. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन दुसऱ्या प्रथिनांनाही थोडं धरतं आणि अल्ब्युमिन जास्त दाखवतं. काही किटमध्ये साध्या गुणोत्तरावर आणखी एक दुरुस्ती असते, निकाल एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीशी जुळावा म्हणून. यंत्रात सूत्र भरताना माहितीपत्रकातलं सूत्र अक्षरशः तसंच भरा.

बोरोनेट ॲफिनिटी ही तिसरी वाट. बोरोनेटचे गट अल्कधर्मी द्रावणात साखरेच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना पकडतात, साखर नसलेलं प्रथिन वाहून जातं, आणि मग सॉर्बिटॉल घालून पकडलेलं सोडवतात. सुंदर पद्धत आहे, पण गर्दीच्या प्रयोगशाळेत रोज चालवायला संथ.

आकडा वाचताना

मधुमेह नसलेल्या प्रौढांत, अल्ब्युमिन सामान्य असताना, सुधारित एनबीटी पद्धतीने फ्रुक्टोसामाइन साधारण २०५ ते २८५ मायक्रोमोल प्रति लिटर असतं. ग्लायकेटेड अल्ब्युमिन एन्झाइम पद्धतीने साधारण ११ ते १६ टक्के. या मर्यादा किटप्रमाणे बदलतात, म्हणून रिपोर्टवर छापलेल्याच मर्यादेशी तुलना करा. जुने रिपोर्ट चाळताना एककाकडे बघा. पहिल्या पिढीच्या किटवर मिलिमोल प्रति लिटरमध्ये २ ते ३च्या दरम्यान आकडे येत. त्यांचं कॅलिब्रेशनच वेगळं होतं. ते १००० ने गुणून नव्या आकड्यांशी जोडू नका.

‘म्हणजे एचबीए१सी किती?’ हा प्रश्न हटकून येतो. वापरात असलेलं एक समीकरण असं: फ्रुक्टोसामाइन गुणिले ०.०१७ अधिक १.६१. आपल्या उदाहरणातले ३५४ टाकले की ७.६ टक्के येतात. सुमारे ३१७ला ७ आणि ३७५ला ८. ग्लायकेटेड अल्ब्युमिनसाठी ढोबळ नियम म्हणजे ते एचबीए१सीच्या तिप्पट असतं. हे आकडे अंदाजासाठी ठेवा. रिपोर्टवर ‘अंदाजे एचबीए१सी’ म्हणून छापायला माझा विरोध आहे, कारण ज्या रुग्णांना या तपासणीची खरी गरज असते त्यांच्यातच हे नातं जुळत नाही.

आता काळाचा हिशेब. समजा रुग्णाचं फ्रुक्टोसामाइन ४२० आहे आणि नव्या डोसने साखर इतकी सुधारली की शेवटी ते ३००वर स्थिरावणार आहे. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य २० दिवस धरलं तर तीन आठवड्यांनी जुन्या प्रथिनातलं सुमारे ४८ टक्के अजून रक्तात आहे आणि आकडा ३५८च्या आसपास दिसेल. सहा आठवड्यांनी २३ टक्के उरलं असेल आणि आकडा ३२८. कमी आयुष्याच्या इतर प्रथिनांमुळे प्रत्यक्षात घसरण थोडी वेगाने होते. मुद्दा असा की तिसऱ्या आठवड्यातला ३५८ हा अपुऱ्या औषधाचा पुरावा नव्हे. तो अर्ध्या वाटेवरचा आकडा आहे. याच वेळी घाईने डोस वाढवला तर पुढच्या काही आठवड्यांत साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोसचा निर्णय डॉक्टरांनी, घरच्या ग्लुकोमीटरची नोंदवही शेजारी ठेवून घ्यावा.

फरक खरा आहे की नुसता मोजण्यातला चढउतार, हेही तपासता येतं. प्रयोगशाळेचा स्वतःचा चढउतार समजा २.५ टक्के आणि माणसाच्या शरीरातला नैसर्गिक चढउतार ३.५ टक्के. दोघांचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ ४.३, आणि त्याला २.७७ या ठरलेल्या सांख्यिकी गुणकाने गुणलं की जवळपास १२ टक्के. याहून मोठा फरक तेवढा खरा धरायचा. म्हणजे ३५४ वरून पुढच्या वेळी ३४० आलं तर सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. ३१० आलं तर म्हणता येतं. २.५च्या जागी आपल्या प्रयोगशाळेचा खरा आकडा घाला.

आकडा कधी फसवतो

प्रथिन कमी असेल तर फ्रुक्टोसामाइन कमी येतं, हे वर आलंच. त्यावर एकूण प्रथिनानुसार दुरुस्ती करायची पद्धत आहे: फ्रुक्टोसामाइन गुणिले ७.२ भागिले रुग्णाचं एकूण प्रथिन, ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पाणी वाढल्यामुळे प्रथिन विरळ झालं असेल तिथे ही दुरुस्ती ठीक आहे.

पण नेफ्रोटिक सिंड्रोम घ्या. लघवीतून अल्ब्युमिन वाहून जातं आहे आणि यकृत नवं अल्ब्युमिन भराभर बनवतं आहे. रक्तातलं अल्ब्युमिन २.१ ग्रॅम, फ्रुक्टोसामाइन २४०, दिसायला अगदी नॉर्मल. घरच्या मीटरवर मात्र उपाशीपोटी साखर १९० मिलिग्रॅम. इथे प्रथिन नुसतं कमी नाही, ते तरुणही आहे. साखरेत भिजायला त्याला पुरेसे दिवसच मिळाले नाहीत. सूत्राने प्रथिनाचं प्रमाण दुरुस्त होतं, वय होत नाही. म्हणून ग्लायकेटेड अल्ब्युमिनची टक्केवारीही इथे खोटी कमी येते. अल्ब्युमिन ३ ग्रॅमच्या खाली गेलं असेल तर दोन्ही तपासण्यांवर भिस्त ठेवू नये.

हाच धागा धरला की बाकीच्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. थायरॉइड जास्त चालत असेल तर प्रथिनांची उलाढाल वेगवान, आकडा खोटा कमी. थायरॉइड मंद असेल तर उलाढाल संथ, आकडा खोटा जास्त. स्टेरॉइडचे मोठे डोस आणि शरीरातच स्टेरॉइड वाढणारा कुशिंग सिंड्रोम, उलाढाल वेगवान, कमी. सिरॉसिसमध्ये यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, त्यामुळे असलेलं अल्ब्युमिन जास्त दिवस राहतं आणि टक्केवारी वर जाते. त्याच रुग्णाची प्लीहा वाढून तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर एचबीए१सी खाली. दोन्ही आकडे एकाच माणसाचे, विरुद्ध दिशांना खोटे. पोटाच्या डायलिसिसमध्ये प्रथिन पाण्याबरोबर जातं, तिथेही ग्लायकेटेड अल्ब्युमिन कमी. लठ्ठपणात ते थोडं कमी येतं. आयजीए हे प्रतिपिंड फार वाढलं असेल, मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगात, तर फ्रुक्टोसामाइन बिघडतं.

रक्तशुद्धीच्या डायलिसिसवर मात्र ग्लायकेटेड अल्ब्युमिन एचबीए१सीपेक्षा भरवशाचं. जपानमधल्या डायलिसिस तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत ते २० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे, आणि हृदयरोग व साखर घसरण्याचा इतिहास असलेल्यांत २४ टक्क्यांच्या खाली.

जाता जाता एक: पशुवैद्य फ्रुक्टोसामाइन भरपूर वापरतात. मांजर दवाखान्यात घाबरलं की त्याची साखर उसळते आणि मधुमेहाचा भास होतो. फ्रुक्टोसामाइन नॉर्मल असेल तर ती नुसती भीती.

दोन आकडे भांडले तर

समजा एचबीए१सी ५.८ टक्के आणि फ्रुक्टोसामाइन ३९०. समीकरणाने त्याचे ८.२ होतात. आधी नमुन्याची गडबड काढून टाका: हिमोलिसिस (फुटलेल्या पेशी), बदललेली नळी, कंट्रोल. मग अल्ब्युमिन, एकूण प्रथिन, थायरॉइडची तपासणी आणि लघवीतलं प्रथिन बघा. ते ठीक असेल तर संशय तांबड्या पेशींवर: हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइटची (कोवळ्या तांबड्या पेशींची) संख्या, फेरिटिन (लोहाचा साठा), गरज पडल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी, आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं होतं का, हा प्रश्न. त्याच वेळी रुग्णाने दोन आठवडे जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना ग्लुकोमीटरवर साखर मोजून वेळेसह लिहावी, किंवा साखर सतत मोजणारा सेन्सर लावावा. मीटर १८० ते २२० दाखवत असेल तर फ्रुक्टोसामाइन खरं बोलतं आहे आणि त्या माणसासाठी पुढे एचबीए१सी बाजूला ठेवायचा.

तसं ठरल्यावर रुग्णाच्या फाइलवर पहिल्याच पानावर ते कारणासह लिहा. पुढचा डॉक्टर नाहीतर ५.८ बघून औषध कमी करेल. औषध बदलत असताना दर तीन-चार आठवड्यांनी एक आकडा, स्थिर झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, बसून घेतलेल्या नमुन्यावर. आणि प्रत्येक आकड्यासमोर त्या दिवशीचं अल्ब्युमिन.